माझ्या पोटातला छत्तीसचा आकडा

मित्रांनो, मी एक जुने पाठ्यपुस्तक आहे, एवढे मला नक्की ठाऊक आहे. त्यापुढे माझा गोंधळ सुरू होतो. ‘पुस्तक’ हा शब्द नपुंसकलिंगी, तेव्हा मी ‘सांगतो’ म्हणावे की ‘सांगते’, हेच मला ठरवता येत नाही. मनातल्या मनात मी स्वतःला ग्रंथ समजतो, म्हणून ‘सांगतो’ म्हणतो. आजवर मला कोणी ग्रंथ म्हटलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

माझे नाव ‘विचारप्रणालींची तोंडओळख’. राज्य कसे चालवावे, कोणाच्या हातात किती सत्ता असावी, कोणाचे काय आणि किती असावे, याविषयी गेल्या दोन-तीन शतकांत जगात जे मोठमोठे विचार निघाले, ते एका प्राध्यापकांनी माझ्यात बसवले. उदारमतवाद माझ्यात पहिला येतो. तो म्हणतो, आधी माणूस आणि त्याचे स्वातंत्र्य. त्याच्यामागे परंपरावाद उभा असतो. तो म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या जे टिकले ते उगाच मोडू नका. मग समाजवाद येतो आणि म्हणतो, कष्ट सगळ्यांचे तर फळही सगळ्यांचे. राष्ट्रवादाला आधी आपला देश दिसतो. अराजकतावादाला डोक्यावर कोणीच नको असते. स्त्रीवाद विचारतो, या सगळ्यात बायका कुठे आहेत? आणि अगदी शेवटी पर्यावरणवाद विचारतो, माणसांचे झाले, पण झाडापाण्याचे काय?

ही मंडळी एका घरात राहिली असती तर रोज भांड्याला भांडे लागले असते. पण माझ्या दोन पुठ्ठ्यांच्या आत ती गुण्यागोविंदाने नांदत होती, कारण प्रत्येकाला आपापली पाने होती. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी पहिली नऊ वर्षे मानात गेली. परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी नंबर लागत. ‘‘याच्याइतकं सोपं पुस्तक नाही,’’ असे विद्यार्थी एकमेकांना सांगत आणि मी फळीवर फुगून बसत असे.

मग माझे दिवस फिरले. कोणीतरी खिडकी उघडी राहावी म्हणून मला तिच्या फटीत अडकवले आणि माझी पाठ मोडली. पाने सुटू लागली. ग्रंथपालांनी मला आणखी काही जखमींबरोबर एका पोत्यात भरून बाइंडरकडे पाठवले.

इथे आमच्या घडणीतली एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तक एकेक पान चिकटवून होत नाही. मोठ्या कागदावर सोळा पाने छापतात, त्या कागदाच्या घड्या घालतात आणि सोळा पानांची एक जुडी तयार होते. तिला फॉर्मा म्हणतात. असे फॉर्मे एकावर एक ठेवून पाठीकडून शिवले की पुस्तक झाले. कोणता फॉर्मा कितवा हे कळावे म्हणून प्रत्येकाच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढा आकडा छापलेला असतो. माझे असे दहा फॉर्मे होते.

बाइंडिंगचे ते दुकान एका नवरा-बायकोचे होते. काका कापणी आणि पुठ्ठा बघत, काकू फॉर्मे लावून शिवत. मी गेलो त्या दिवशी दोघांत पंख्यावरून वाजले होते. काकांना उकडत होते, म्हणून त्यांना पंखा मोठा हवा होता. पंखा मोठा केला की काकूंचे कागद उडत होते, म्हणून त्यांना तो बंद हवा होता. काका म्हणत होते माझा घाम, काकू म्हणत होत्या दोघांचे काम. माझी निम्मी प्रकरणे त्या एका पंख्याखाली चालली होती. शेवटी काका म्हणाले, ‘‘आजपासून तुझ्याशी बोलणं बंद.’’ काकू म्हणाल्या, ‘‘सुटले बाई!’’ आणि अबोला सुरू झाला.

काकूंनी माझी जुनी शिवण उसवली, फॉर्मे झटकले आणि पुन्हा क्रमाने लावायला घेतले. पहिला लावला, दुसरा लावला. तिसरा घ्यायचा तर आकडा पुसट. तुम्ही कधी ३ आणि ६ शेजारी शेजारी लिहून पाहिले आहेत का? दोघे एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. म्हणूनच ज्यांचे पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे, असे आपण म्हणतो. पुसट छपाईत, थकलेल्या डोळ्यांना, तीन कोणता आणि सहा कोणता हे चटकन कळत नाही. एरवी काकूंनी हाक मारली असती, ‘‘अहो, हे तीन आहे का सहा, बघा जरा.’’ पण अबोला आधी मोडायचा कोणी? काकूंनी मान ताठ ठेवली. रागात पानांचे नंबर ताडून बघायचेही त्यांना सुचले नाही; हाताला आला तो फॉर्मा तिसऱ्या जागी ठेवला आणि राहिलेला सहाव्या जागी.

मग काकांची पाळी आली. माझ्या कडा सारख्या करायला त्यांनी मला कापणीच्या यंत्रात धरले आणि रागाच्या भरात जरा जास्तच छाटले. पानांचे नंबर तळाशी होते, ते गेले. फॉर्म्यांचे आकडेही गेले. पानाच्या डोक्यावर प्रकरणाचे नाव छापण्याची चैन माझ्या प्रकाशकांनी केलीच नव्हती. कोणते पान कुठले, हे सांगणारे माझ्या अंगावर आता काहीच उरले नाही. वरून मात्र नवे काळे कापड आणि सोनेरी अक्षरे. मी नटूनथटून ग्रंथालयात परतलो. ग्रंथपालांनी नोंदवहीत लिहिले, ‘सुस्थितीत’.

तिसऱ्या फॉर्म्यात उदारमतवादाचा मधला भाग होता आणि सहाव्यात समाजवादाचा. दोन्हींत नव्या प्रकरणाचे एकही शीर्षक नव्हते. म्हणजे दोघांची डोकी जागेवर राहिली, पाय जागेवर राहिले, फक्त पोटे बदलली. उदारमतवादात दुसऱ्या फॉर्म्याचे शेवटचे वाक्य असे तुटत होते: ‘व्यक्ती ही स्वतःच्या कष्टांची धनी आहे, म्हणून तिची मालमत्ता’. पान उलटले की पुढे यायला हवे होते, ‘मालकाच्या संमतीवाचून कोणालाही हिरावून घेता येणार नाही.’ आता तिथे येत होते, ‘समाजाच्या हाती सोपवल्याशिवाय पिळवणूक थांबणार नाही.’ आणि तिकडे समाजवादात ‘गिरण्यांची आणि खाणींची मालकी’ या शब्दांपुढे येत होते, ‘मालकाच्या संमतीवाचून कोणालाही हिरावून घेता येणार नाही.’ व्याकरण अगदी चोख. कर्ता, कर्म, क्रियापद जिथल्या तिथे.

हे मला तेव्हा कळले असेल असे समजू नका. पुस्तकाला स्वतःला वाचता येत नाही. कोणी वाचू लागले की त्याच्या तोंडून आम्हाला आमचे बोलणे ऐकू येते. मी ऐकत होतो आणि चक्रावत होतो. मी नक्की कोणाच्या बाजूचा? सुरुवातीला मी घराला कुलूप लावा म्हणतो आणि पान उलटले की दार सताड उघडा म्हणतो. वाटले, मोठे विचार असेच असतील. वाचणारेही कपाळाला आठ्या घालत, पान मागे उलटत, पुढे उलटत आणि मला मिटून ठेवत. वर्षांमागून वर्षे गेली, पण ग्रंथपालांना कोणी काही विचारले नाही. हळूहळू नंबर लागेनासे झाले. मी सर्वांत वरच्या फळीवर गेलो. तिथे माझ्या डोक्यावर कोळ्याने जाळे केले आणि मी अराजकतावाद्यांचा मनापासून हेवा केला.

मग एक दिवस ताईने मला खाली काढले.

ताई एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. हत्यारे उकळत्या पाण्यातून काढायची, ट्रेमध्ये मांडायची, रोग्यांना आत पाठवायचे, घाबरलेल्यांचा हात धरायचा, अशी तिची कामे. रोगी तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असे, पंधरा पंधरा दिवस घराबाहेर. घरी ती आणि सासूबाई, दोघीच. संसार सांभाळून ती बाहेरून पदवीची परीक्षा देत होती. तिला शाळेत शिकवायचे होते. बाकी सगळे विषय सुटले होते आणि हा एकच विषय मानगुटीवर बसला होता. एका विषयाला तीनदाच बसता येते असा विद्यापीठाचा नियम होता आणि मला घरी नेल्यापासून ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा माझ्यावरच अभ्यास करून. आता तिसऱ्यांदा नापास झाली की नाव कायमचे कापले जाणार होते. मागच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षकांनी लाल शाईत शेरा मारला होता, ‘मूलभूत गोंधळ’. तो कागद ती माझ्यातच खूण म्हणून ठेवी. तो माझ्यात असला की मला अंगात काटा रुतल्यासारखे वाटे.

तर ‘तोंडओळख’ नावाचे पुस्तक शेवटी दातांच्या दवाखान्यात पोहोचले. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात ताई मला उघडी. डॉक्टरांना राजकारणावर बोलायची भारी हौस होती. ‘‘ज्याचे दात, त्याची जबाबदारी. सरकार काय तुमचे दात घासायला येणार आहे?’’ असे ते आ वासून पडलेल्या रोग्याला विचारत. रोगी ‘‘आं, आं’’ करी. डॉक्टर म्हणत, ‘‘बघा, यांनाही पटलं.’’ ज्याच्याशी वाद घालायचा त्याच्या तोंडात आधी कापूस कोंबायचा, ही पद्धत माझ्या कोणत्या प्रकरणात बसते हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ताई मात्र खरी हुशार. तिने अभ्यासाची एक युक्ती काढली होती. बाहेरच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि त्या नेहमी भरलेल्या असत. आधी आत कोणी जावे? जो आधी आला तो, सगळ्यांना एकच नियम, हा झाला उदारमतवाद. ज्याला जास्त दुखते तो आधी, हा समाजवाद. या दवाखान्यात ज्यांची घरे दोन पिढ्या येतात त्यांचा मान आधी, हा परंपरावाद. आपल्या गावचे आधी, परगावचे मागून, हा राष्ट्रवाद. नंबरवालीच नको, आमचे आम्ही ठरवू, हा अराजकतावाद. ‘‘आणि पोरं सांभाळत उभ्या राहिलेल्या बाईला खुर्ची कोणी दिली का, हा स्त्रीवाद,’’ ती डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘आणि पर्यावरणवाद?’’ ताई म्हणाली, ‘‘तुम्ही नळ उघडा ठेवून गप्पा मारता, तो बंद करा.’’

एवढे समजणारी बाई नापास कशी होते? कारण युक्ती काढली की ती माझ्याशी ताडून बघे. उदारमतवादाच्या मधोमध ती माझे वाक्य वाची आणि तिचा चेहरा उतरे. ‘नियम सगळ्यांना सारखा’ असे लिहिलेले ती खोडी आणि माझे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेई. मग तेच पाठ करी. तिची स्वतःची समज बरोबर होती आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून खोडत होती. तिच्या खोडरबराचा आवाज मला अजून आठवतो. ‘‘माझं डोकंच मठ्ठ,’’ असे ती पुटपुटे. मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो. पण काय ओरडलो असतो? काय चुकले आहे हे मलाही कुठे माहीत होते!

परीक्षा बारा दिवसांवर आली. रविवारची दुपार होती. सासूबाई उजेडाला बसून शर्टाला गुंड्या लावत होत्या. त्यांनी तीस वर्षे शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम केले होते. शाळा चौथीत सुटलेली, पण नजर सुईच्या नाकातून ओवून काढलेली. ताईचे डोळे दुखत होते, म्हणून ती मोठ्याने वाचू लागली. सासूबाई ऐकत होत्या की नाही, कोण जाणे. ताईने पान उलटले, दोन ओळी वाचल्या आणि सासूबाईंचा हात थांबला.

‘‘थांब गं. हा दुसरा कोण बोलायला लागला?’’

‘‘दुसरा कोणी नाही, आई. एकाच सरांनी लिहिलंय सगळं.’’

‘‘मगाचा माणूस शांतपणे समजावत होता. हा एकदम बाह्या सरसावून बोलतोय. एका वाक्यात दोन तोंडं?’’

‘‘मोठ्या माणसांचे मोठे विचार, आई. आपल्याला नाही कळायचे.’’

‘‘न कळायला काय झालं? आण इकडे ते.’’ सासूबाईंनी मला मांडीवर घेतले. आतले वाचायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. त्यांनी माझी पाठ पाहिली, दोन फॉर्म्यांच्या मधली फट बोटाने दाबून पाहिली. ‘‘आमच्या कारखान्यात एकदा दोनशे शर्ट असे निघाले. डाव्या खांद्याला उजवी बाही. शिवण अगदी सरळ, बघून काही कळायचं नाही. अंगात घातला की माणूस वाकडा व्हायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं आपलाच खांदा वाकडा आहे. पोरी, तुझा खांदा सरळ आहे. या पुस्तकाच्या बाह्या बदलल्यात.’’

ताईने मला ओढून घेतले. मग तिने भराभरा पाने उलटली. इथले तुटलेले वाक्य तिथे लावून पाहिले, तिथले इथे. मोठ्याने वाचले, ‘म्हणून तिची मालमत्ता मालकाच्या संमतीवाचून कोणालाही हिरावून घेता येणार नाही.’ पुन्हा वाचले. आणि मग ती रडायला लागली. मला वाटले, चूक सापडली तर माणसाने हसायला हवे. पण ती दोन वर्षांचे रडत होती.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन ग्रंथपालांकडे गेली. त्यांनी चष्मा पुसला, नोंदवही काढली आणि म्हणाले, ‘‘हे पुस्तक सुस्थितीत आहे.’’

‘‘साहेब, याची पानं उलटीसुलटी लागलीत.’’

‘‘असतील. पण नोंद सुस्थितीत अशी आहे. सुस्थितीतलं पुस्तक दुरुस्तीला पाठवता येत नाही. आधी ते खराब झाल्याची नोंद व्हायला हवी, त्याला समिती बसते. पुढच्या महिन्यात या.’’

परीक्षेला अकरा दिवस होते. ताई मला पिशवीत घालून तडक घरी आली. सासूबाईंनी ब्लेड काढून ठेवलेच होते. ‘‘सरकारी समिती बसेपर्यंत आपण बसू,’’ त्या म्हणाल्या.

आता खरे सांगतो, मी भयंकर घाबरलो. माझा जो गोंधळ होता तोही शेवटी माझाच होता. इतकी वर्षे मी तसाच जगलो होतो. उसवल्यावर मी कोण उरणार? पुठ्ठा निघाला. जुना दोरा ताईने दवाखान्यातल्या दात कोरायच्या मोडक्या आकडीने एकेक टाका उचलून काढला. माझे दहाही फॉर्मे पलंगावर पसरले. दोघी वाक्याला वाक्य जुळवत बसल्या. सासूबाई म्हणत, ‘‘वाच, वाच, आवाज एक लागतो का बघू.’’ जुळले की टिचकी वाजवत. शिवायला दोरा हवा होता तो मेणाचा. घरात तसा दोरा नव्हता. ताईने दवाखान्यातून दात साफ करायचा मेण लावलेला दोरा आणला. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले होते, ‘‘कोणाच्या दातात अडकलंय?’’ ताई म्हणाली, ‘‘समाजवादाच्या.’’

मी पुन्हा शिवला गेलो. ताईने सरळ पहिल्यापासून वाचायला घेतले आणि प्रत्येक विचार स्वतःच्याच आवाजात, शेवटपर्यंत बोलला. मला स्वतःचे बोलणे इतक्या वर्षांनी ऐकू आले. पण मित्रांनो, गोंधळ संपला असे समजू नका. आधी कोणाचेच म्हणणे कळत नव्हते. आता प्रत्येकाचे कळू लागले आणि जो बोलेल तोच खरा वाटू लागला. ताईचेही तेच झाले. ‘‘आई, आता नवाच घोळ झालाय. आधी येणारा आधी, हेही बरोबर वाटतं. जास्त दुखतं तो आधी, हेही बरोबर वाटतं.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘मग आता तुझा गोंधळ तरी बरोबर आहे.’’

परीक्षेला ताईने खोडरबर नेले नाही. दोन महिन्यांनी निकाल लागला. ती उत्तीर्ण झाली, सत्तावन्न गुण मिळाले. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्या रोग्यांना सांगितले आणि सगळे ‘‘आं, आं’’ म्हणाले.

माझी गोष्ट इथे संपवता आली असती. पण मला परत करायच्या आदल्या दिवशी ताईने ती जुनी सांध्याची पाने नीट पाहिली. तिथे समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. प्रश्नचिन्हे. एकावर एक, वेगवेगळ्या हातांची, तिने मोजली तर अकरा भरली. आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘चाळीस वेळा वाचले. मला हे जमणार नाही. सोडतो.’ ताई त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिली.

ती ग्रंथपालांकडे गेली आणि ती ओळ त्यांच्यापुढे धरली. या वेळी ते नोंदवहीबद्दल काही बोलले नाहीत. माझ्या पाठीवरचा पांढरा दोरा त्यांनी पाहिला आणि न विचारताच जुन्या देवघेवीचे रजिस्टर काढून दिले. बहुतेक नावांचे पत्ते आता लागत नव्हते. कोणी गाव सोडले होते, कोणी जग. एका नावावर ग्रंथपालांचे बोट थांबले. ‘‘हा? अहो, हा तर आपला प्रोफेसर. बाजाराच्या तोंडाशी किल्ल्या बनवतो, तो.’’

ताईने त्याला शंभरदा पाहिले होते. ‘‘त्यांना प्रोफेसर का म्हणतात?’’

ग्रंथपाल जरा ओशाळले. ‘‘कापडाच्या दुकानात होता तेव्हा पदवी घ्यायला निघाला होता. तीनदा नापास झाला. तेव्हापासून लोक म्हणतात. गंमत म्हणून.’’

प्रोफेसरच्या टपरीत जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा. भिंतीवर बिनकापलेल्या किल्ल्यांच्या माळा. तो कानशीने किल्ली घासत होता. ‘‘बोला ताई, कुलूप कोणतं?’’

ताईने मला त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याचे केस पिकले होते, पण मी त्याचे हात ओळखले. त्याने मला ओळखायला क्षणही लावला नाही. कानस खाली ठेवली आणि म्हणाला, ‘‘हे कशाला आणलंत?’’

ताईने पान उघडून दाखवले. कोणता फॉर्मा कुठे लागला होता, कोणते वाक्य कुठे जात होते, सगळे सांगितले. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन उभे राहिले आणि कंटाळून निघून गेले. प्रोफेसरने ते वाक्य ओठ हलवत वाचले. पान उलटले. पुढचे वाचले. पुन्हा मागे आला.

‘‘म्हणजे चूक माझी नव्हती?’’

‘‘नाही हो. पुस्तकाची होती. मीही दोनदा नापास झाले याच्यापायी.’’

त्याने ते पान तळहाताने सपाट केले. मग म्हणाला, ‘‘माझे वडील जाईपर्यंत म्हणत होते, कारटं पुस्तक उघडतच नव्हतं.’’

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. मी काही केले नव्हते हे खरे. पण मी सोनेरी अक्षरे मिरवत बसलो होतो आणि या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःला मठ्ठ ठरवले होते. त्याचे नाव विद्यापीठातून कायमचे कापले गेले होते. ते आता परत येणार नव्हते.

त्याने मला मागून घेतले. महिनाभर मी किल्ल्यांच्या चुऱ्यात राहिलो. गिऱ्हाईक नसले की तो वाची, मोठ्याने, स्वतःशीच. महिन्याने ताई मला न्यायला आली तेव्हा त्याचा चेहरा तापला होता.

‘‘समजलं का?’’ ताईने विचारले.

‘‘अक्षर अन् अक्षर समजलं,’’ तो म्हणाला. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, ‘‘पण पटलं नाही! हा पहिला म्हणतो, मालमत्तेचं रक्षण हे राज्याचं काम. अहो, मी जन्मभर कुलपं केली. ज्याच्या घरात काही नाही त्यालाही कुलूप लागतं, ते कशाला, हे याला कुठे माहीत आहे? आणि तो तिसरा म्हणतो सगळं सगळ्यांचं. सगळ्यांची कुलपं एका किल्लीने उघडायला लागली तर काय होतं ते मला विचारा म्हणावं. बसा, सांगतो.’’

ताई बसली. दोघे दिवे लागेपर्यंत कडाकडा भांडले. मला एका बाजूला ठेवून माझ्यावरच भांडले. इतक्या वर्षांत लोक माझ्यापुढे आठ्या घालून गप्प बसले होते, मला कोणी कधी उलट बोलले नव्हते. जे कळलेच नाही त्याला उलट काय बोलणार? मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस होता.

आता मी ग्रंथालयात खालच्या फळीवर आहे. कोण बरोबर हे मला अजूनही कळलेले नाही. तुम्ही मला उघडाल तेव्हा खिडकीत अडकवू नका, एवढे मागणे आहे. आणि माझे एखादे वाक्य डोक्यात शिरले नाही तर लगेच डोक्याला बोल लावू नका. आधी माझी शिवण बघा, शेजारच्याला वाचून दाखवा, घरातल्या म्हातारीला ऐकवा. मग मी तुम्हाला समजलो की मला नुसता मिटून ठेवू नका. माझ्याशी भांडा.